आबांना मदत करायची नाही

८ जानेवारी, गुरुवार

पहिली फेरी पार! मेल आला तेव्हा मी मेथी निवडत होते. देठं पातेल्यात गेली आणि पानं कचऱ्यात. आईनं बघितलं आणि चक्क काही बोलली नाही. एरवी सोडणारी नव्हे.

बंगळूरची कंपनी. नोकरीचं नाव यूएक्स रिसर्चर. आईला फोड करून सांगितलं — लोक मोबाईलवरचं ॲप कसं वापरतात, कुठं अडतात, ते शेजारी बसून बघायचं आणि कंपनीला सांगायचं.

"म्हंजी दुसऱ्याच्या मोबाईलमदी डोकवायचं," आई म्हणाली. "आन त्येचा पगार देत्यात?"

"हो."

"मग ही हुसेनबी फुकटच करत्या की गं!"

हुसेनबी चाची म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या. गल्लीत कुणाचा फोन वाजला हे त्यांना त्याच्याआधी कळतं.

आबा कॉटवर बसून ऐकत होते. "कुठं चाललीस?" म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत आई — "कुठं न्हाय वो. परीक्षा हाय तिची." हे नेहमीचंच. प्रश्न आबांनी विचारला तरी उत्तर आई देणार, आणि आबांना विचारला तरीही आईच देणार. पाहुण्यांसमोर सुद्धा. कधीकधी वाटतं, हिला एक दिवस तोंडाला चिकटपट्टी लावावी.

मार्चमध्ये अठ्ठावीस पूर्ण होतील. आजवर सर्व्हेवाल्यांच्या प्रश्नावल्या घेऊन शाहूपुरीपासून कागलपर्यंत दारोदार फिरले. "पावणं, च्या घेऊन जावा" म्हणणारे भेटले, कुत्री अंगावर सोडणारेही भेटले. आता पुन्हा कुणाला कुठली टूथपेस्ट वापरता म्हणून विचारायचं नाही. मला ही नोकरी पाहिजे. लिहूनच ठेवते. पाहिजे!

९ जानेवारी, शुक्रवार

दुसऱ्या फेरीला घरचा अभ्यास दिलाय. कंपनीचं ॲप डॉक्टरची वेळ घ्यायचं आहे. साठीच्या पुढचा एक माणूस बसवायचा, ज्यानं हे ॲप कधी बघितलेलं नाही. त्याला एक काम सांगायचं आणि तो ते कसं करतो त्याचं शूटिंग करायचं. पुढच्या शुक्रवारी ते दाखवून ॲपमध्ये काय चुकतंय ते सांगायचं.

नियम कडक आहेत. मदत करायची नाही. सुचवायचं नाही. मानसुद्धा डोलवायची नाही. माणसाला मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. आणि सगळ्यात वरचा नियम, या कामाचा कोर्स केला त्याच्या पहिल्याच दिवशी शिकवलेला — माणूस चुकत नाही, ॲप चुकतं. या एका वाक्यावर मी या धंद्याच्या प्रेमात पडले. आयुष्यभर "तुला येत नाही" ऐकलेल्या माणसाला हे ऐकून काय वाटतं ते मला विचारा.

माणूस घरातच आहे. आबा, वय सदुसष्ट. शाहूपुरीत उभा जन्म जीप-टेम्पोची सीटकव्हरं शिवली. आता दुकान माझा चुलतभाऊ सम्राट बघतो, आबा नुसते बसायला जातात. तेही सम्राट गाडीवरून न्यायला येतो आणि परत सोडतो. थाट आहे म्हाताऱ्याचा!

११ जानेवारी, रविवार

नुसता तमाशा झाला.

आई शेजारी बसली. उठ म्हटलं तर उठेना. शेवटी स्वयंपाकघरात गेली आणि तिथून सुरू! ॲपनं तारीख विचारली, आबा म्हणाले, "आज वार कुठला?" — आतनं फोडणीच्या आवाजावर आवाज चढवून, "आईतवार! मटान आनलंय न्हवं!"

मी कॅमेरा बंद केला. ओरडलेच. "आई, परीक्षा आबांची नाही, ॲपची आहे!"

"मग बसू दे की मला. ॲपचंच हाय तर."

"नाही चालत. उद्या तू चाचींकडं जाऊन बसायचं."

तिचा चेहरा उतरला. "त्येंला एकट्याला नगं बसवूस, क्रांते. घाबरत्यात."

आबा आणि घाबरतात! उधारी बुडवणाऱ्या टेम्पोवाल्याला भर रस्त्यात स्टेअरिंगवरून खाली उतरवणारा माणूस. मी हसले.

१२ जानेवारी, सोमवार

झालं! आणि काय झालं!

आबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केस चापूनचोपून बसवले. संध्याकाळचं ऊन खिडकीतून येत होतं, मी पडदा सारून उजेड नीट केला. एक कॅमेरा बोटांवर, एक चेहऱ्यावर. नियमाप्रमाणे सांगितलं, "आबा, ही तुमची परीक्षा नाही. चुकलं तर ॲपचं चुकलं."

"मग बरं हाय," आबा म्हणाले. रेकॉर्डिंगला हरकत नाही हेही कॅमेऱ्याकडं बघून खणखणीत सांगितलं.

काम असं — गुडघा दुखतोय, गुरुवार सकाळची वेळ घ्या.

मोठ्यानं बोलायला काय मस्त जमलं त्यांना! "हितं गुडघ्याचं चित्र हाय. दाबलं. आता डाक्टर आलं. ह्यो टकल्या नगं. ही बाई बरी दिसत्या." मग कॅलेंडर आलं. "बेस्तरवार... बेस्तरवार..." म्हणत फिरवत राहिले. एप्रिल आला. मागं गेले, तर नोव्हेंबर. थांबले.

"काय करायचं हुतं गं?"

अशा वेळी प्रश्न उलटा करायचा असतो. "तुम्हाला काय वाटतं आबा, काय करायचं होतं?"

बराच वेळ विचार केला. मग मागचं बटण दाबत दाबत पार पहिल्या पानावर. "हितं गुडघ्याचं चित्र हाय." पुन्हा डॉक्टर, पुन्हा कॅलेंडर, पुन्हा "काय करायचं हुतं?" असं चार वेळा. चौथ्यांदा त्यांनी फोनकडं न बघता माझ्याकडं बघितलं. माझा हात पुढं जायला लागला तसा मी तो मांडीखाली दाबून धरला. खरंच, हातावर बसले!

"शालूला बोलीव," आबा म्हणाले. म्हणजे आईला.

"थांबा आबा, अजून थोडं."

त्यांनी फोन कॉटवर पालथा ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी चादर सारखी करत बसले. मग मी बंद केलं.

पण याच्यात काय काय सापडलं! महिन्याचं नाव इतकं फिकट की दिसतच नाही. आजच्या तारखेला परत यायला रस्ता नाही. आपण कशासाठी आलो ते कुठंच लिहिलेलं राहत नाही, मग माणूस विसरणारच! एकूण सात दोष काढलेत. मैत्रिणीला, स्वप्नालीला पुण्याला फोन केला — माझं नाव कंपनीत तिनंच दिलंय. ती किंचाळली, "सोनं हाय हे, सोनं!"

आई परत आली. "झालं?"

"झालं!"

"त्येंनी केलं?"

"नाही ना! तेच तर पाहिजे होतं!"

माझ्याकडं बघत राहिली आणि आबांचा चहा ठेवायला आत गेली. रात्रीपर्यंत बोलली नाही. घराबाहेर काढलं म्हणून रुसली असणार.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तिळगूळ वाटून झाला. स्लाइड्स झाल्या.

सम्राट येऊन गेला. आबांनी शनिवारी डाव्या सीटचं कव्हर उजव्या मापानं कापलं म्हणे, अख्खं रेग्झिन वाया. "काका म्हातारं झालं," असं तो हसत सांगत होता. आईनं त्याच्या तोंडात लाडूच कोंबला, "तू खा आदी!"

१६ जानेवारी, शुक्रवार

मुलाखत झाली. पडद्यावर तिघं. दोन पोरं माझ्याच वयाची, आणि रिसर्चच्या प्रमुख मेहक मॅडम, पन्नाशीच्या. मूळच्या कागलच्या निघाल्या! मला एकदम हलकं वाटलं.

क्लिप लावली. "ह्यो टकल्या नगं" ला ती दोघं पोट धरून हसली. मीही हसले. चौथ्या वेळेला एकदम शांत झाले सगळे. एक जण म्हणाला, "पॉवरफुल." मी सातही दोष मांडले, धडाधड. कुठं अडखळले नाही.

मेहक मॅडमनी चष्मा काढून ठेवला होता. एवढंच विचारलं, "घरी ते कायम कुणाबरोबर असतात?"

"आई असते. सतत."

"बरं," म्हणाल्या.

संपल्यावर मी स्वयंपाकघरात नाचले. आबांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते विचारलं नाही, नुसत्या वाजवल्या.

१७ जानेवारी, शनिवार

मेहक मॅडमचा फोन. स्वतःच्या नंबरवरून. आधी इंग्रजीत बोलत होत्या, मग एकदम आपल्या बोलीत आल्या.

"क्रांती, ह्ये मी कंपनीकडनं बोलत न्हाय. निकालाचा आन ह्येचा काय संबंध न्हाय. वडलांस्नी कुणाला दाखवलंयस काय?"

मी म्हटलं, "गुडघ्यासाठी?"

मग म्हणाल्या, "कॅलेंडर वाईट हाय, ते खरंच. पर त्येनी तारीख चुकवली न्हाय गं. काय करायला बसलोय तेच इसरत हुते. दर वेळी. माझ्या अम्मीचं असंच सुरू झालतं."

मी "थँक्यू मॅडम" म्हटलं. अगदी गोड आवाजात. फोन ठेवला आणि संतापले. कोण ही! तीन मिनिटं बघून माझ्या बापाला आजारी ठरवणार?

मग क्लिप लावली. आजवर मी फक्त त्यांचं बोट बघितलं होतं. कुठं दाबतात, कुठं चुकतात. आज दुसऱ्या कॅमेऱ्याचं बघितलं, चेहऱ्याचं.

आबा घाबरलेत. पहिल्या "काय करायचं हुतं" लाच घाबरलेत, आणि घाबरल्याचं दिसू नये म्हणून हसतायत. शेवटी माझ्याकडं बघतात तेव्हा हसणंही संपलंय. आणि मी म्हणते, "थांबा आबा, अजून थोडं." माझा आवाज ऐकवत नाही.

सगळं स्वच्छ दिसतंय. उजेड मीच तर लावला होता.

१८ जानेवारी, रविवार

आई गच्चीवर धुणं वाळत घालत होती. विचारलं. तिनं हात थांबवला नाही.

"दोन वरसं झाली."

आबा बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले, पार भलतीकडं सापडले. चाचींच्या शहजादनं ओळखून आणलं. तेव्हापासून सम्राट न्यायला येतो. थाट नव्हता तो. सम्राटला माहीत, चाचींना माहीत, गल्लीला माहीत. मला सोडून सगळ्यांना.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगिटलं असतं तर तू फारम भरला असतास व्हय कुठला?"

"म्हणून तू त्यांच्याआधी बोलतेस?"

"मग काय! चारचौघांत त्येंचं हसं हुऊ दीऊ?"

मी बादलीतली ओली साडी पिळून तिच्या हातात दिली. तेव्हा तीच म्हणाली, "तुझ्या त्या शूटिंगसाठी शिकवलंतं मी त्येंला. आईतवारी तू काम सांगिटलंस ते ऐकलं, आन सोमवारी सकाळी घेऊन बसलो. गुडघा, मग बाई, मग बेस्तरवार. येत हुतं गं सकाळी. पोरीचं काम हाय म्हनून दिसभर पाठ करत हुते. घास तोंडात, आन बेस्तरवार, बेस्तरवार."

ओल्या धुण्याच्या बादलीपाशी बसून आम्ही दोघी रडलो. आबा खालून हाका मारत होते, "शालू, ए शालू!" ती डोळे पुसून लगेच गेली.

२१ जानेवारी, बुधवार

डॉक्टर. सम्राटनं त्याची चारचाकी काढली.

डॉक्टरनी आम्हा दोघींना मागं बसवलं. "मी त्यांना विचारणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत." हे मला कुणी शिकवायला नको. घड्याळ काढा म्हणाले. आबांनी गोल सुंदर काढला, हात आहे त्यांचा. आकडे मात्र सगळे एका बाजूला गोळा झाले. मग महिना कुठला? मघाशी सांगितलेले शब्द कुठले? आबा वळून आईकडं बघायला लागले. आईनं माझं मनगट इतकं आवळलं की अजून दुखतंय. आणि ती खाली बघत राहिली. जन्मात पहिल्यांदा तिनं त्यांना उत्तर दिलं नाही.

डॉक्टरनी आजाराचं नाव सांगितलं. गोळ्यांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. एकटं सोडू नका. तेच घर, तीच माणसं राहिली तर बरं.

परत येताना आबा खुशीत होते. सीटवरून हात फिरवला. "ही शिलाई कुणी केल्या रं? वाकडी हाय."

"तुमीच केल्या काका," सम्राट म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो. खूप हसलो.

२२ जानेवारी, गुरुवार

कंपनीला लिहिलं, आबांची क्लिप काढून टाका. तासाभरात मेहक मॅडमचं उत्तर — "काढली. माझ्याकडचीही."

२३ जानेवारी, शुक्रवार

नोकरी मिळाली.

इतकी वाट बघून आता एवढंच लिहिता येतंय. सोळा फेब्रुवारीला बंगळूरला हजर व्हायचं. कोल्हापुरातून काम करू का म्हणून विचारलं. नाही म्हणाले, पहिली दोन वर्षं ऑफिसातच. दोन तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं.

आईला सांगितलं. "जायचं," ती म्हणाली.

"आई, पण..."

"जायचं म्हटलं की! ह्येच्यासाठी दोन वरसं त्वांड चालवलं न्हवं मी?"

आबांना सांगितलं. "कुनाला लागली?" म्हणाले. "मला आबा, मला!" तसे उठले, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि दारात जाऊन हुसेनबी चाचींना ओरडून सांगितलं. त्यांचा एवढा मोठा आवाज किती महिन्यांनी ऐकला.

२५ जानेवारी, रविवार

आज दिवसभर आईला बघितलं. कामाला बसल्यासारखं, गप्प राहून.

ती आबांचा एकच शर्ट बाहेर ठेवते, निवडायला लागू नये म्हणून. चपला पायाच्या बाजूनं फिरवून ठेवते. दारात कुणी आलं की आतूनच मोठ्यानं, "अवो, बाळासो आलं बघा, जोतिबाच्या दुकानवालं!" मग आबा रुबाबात म्हणतात, "या बाळासो, बसा!" बाळासोंना पत्ताही लागत नाही. रात्री दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचून झोपते. झोपते म्हणजे पडते. आबांनी कूस बदलली की उठून बसते.

एकसष्ट वर्षांची आहे. ताट उचलताना आज कमरेला हात लावून थांबली. मी म्हटलं, "दे इकडं." तर म्हणाली, "सोड. तू गेल्यावर कोन उचलनार हाय?"

ती त्यांना सांभाळते. तिला कोण सांभाळणार?

आणि मला जायचंय, हेही खरं आहे. मला माझी खोली पाहिजे, माझा पगार पाहिजे, ऑफिसातून खांद्याला पिशवी लावून बाहेर पडायचंय. आबा रोज थोडे थोडे जाताना मला बघायचं नाहीये. लाज वाटते, पण आहे ते आहे. इथं कुणापासून लपवू?

२९ जानेवारी, गुरुवार

आईनं माळ्यावरून बॅग काढून पुसली. चटणीसाठी मिरच्या भाजल्या. अख्खी गल्ली ठसकतेय. कुणी तक्रार केली नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

आईला म्हटलं, मी नाही गेले तर?

"तर मी तुझ्याशी बोलनार न्हाय. मरूस्तवर." आणि मग पाठमोरीच — "शूटिंगात ते शालूला बोलीव म्हनालं, ते खरं काय?"

"खरं."

"हुसेनबीच्या भिंतीला कान लावून बसलोतो मी. यायला पाहिजे हुतं."

५ फेब्रुवारी, गुरुवार

आबा रोज सकाळी विचारतात, "काय झालं गं तुझ्या नोकरीचं?" आजही विचारलं. "मिळाली, आबा." तसे उठून दारात गेले आणि ओरडले, "हुसेनबी, आमची क्रांती लागली!" चाची कालच्यासारख्याच पिठाच्या हातानं धावत आल्या. "काय सांगतासा सयाजीभाऊ! कधी?" आई मागं उभी राहून हसत होती. माझी बॅग तिनं भरून ठेवलीय.

कंपनीला मी सोमवारीच 'नाही' असं कळवून टाकलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.